जिन्याखालची सिराह

लग्न होऊन आठवडा झाला नसेल, आमच्या ह्यांनी माझा अंगाचा साबण खिडकीतून बाहेर फेकला. रागावून नव्हे हं. रागवायला ह्यांना फार वेळ लागतो. मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "अगं, ह्याला वास येतो." म्हटलं, "साबण आहे, वास येणारच." तर म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी."

हे वाईनच्या कारखान्यात कामाला. तळघरात पिंपं लावलेली असतात, त्यातली कुठली वाईन तयार झाली, कुठली अजून कच्ची आहे, कशात काय मिसळायचं, हे ठरवायचं ह्यांनी. सगळा कारभार नाकावर. तिथे लहानथोर सगळे ह्यांना मास्तर म्हणतात, कारण कुणी चुकला की हे त्याला शाळेतल्यासारखं उभं करून समजावतात. आणि ह्या मास्तरांच्या नाकाला त्रास नको म्हणून आमच्या घरात पावडर नाही, सुवासिक तेल नाही, फुलदाणीत फूल नाही. माझ्या आईने मला गुलाबाच्या अत्तराची एक छोटी बाटली दिली होती. ती कपाटात स्वेटरांच्या तळाशी गेली ती गेलीच. एखादीच्या नशिबी सवत येते, माझ्या नशिबी ह्यांचं नाक आलं.

आता थंड उताराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कारखान्याच्या मागे टेकडी आहे. तिच्या एका अंगाला ऊन उशिरा येतं आणि पाहुण्यासारखं चहा न घेता लवकर निघून जातं. तिथे द्राक्षं लावणारा वेडाच, असं सगळे म्हणायचे. ह्यांनी थोरल्या मालकांच्या मागे लागून तिथेच सिराह लावली. सिराह म्हणजे काळी, जाड सालीची द्राक्षं. उबदार जागी त्यांची वाईन गोडसर, गुबगुबीत होते. आमच्या उतारावरची पहिल्या वर्षीची वाईन तोंडात घेतली की दोन्ही गाल आत ओढले जायचे. कारखान्यात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. थोरले मालक भला माणूस. त्यांनी काही खोकी ह्यांच्या हवाली केली आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं बाळ तुम्हीच सांभाळा."

बाळ आमच्या जिन्याखालच्या कपाटात आलं. माझं इस्त्रीचं टेबल, शिवणाच्या कापडांच्या गठड्या आणि प्रवासाच्या बॅगा बाहेर आल्या. मी घरी पडदे आणि कपडे शिवते, त्या गठड्या म्हणजे माझी भाकरी. पण बाळाला अंधार हवा, गारवा हवा, शांतता हवी. जिन्यावरून कुणी धाडधाड उतरलं की हे खालून ओरडायचे, "हळू! झोपलीय ती!" आमची लेक ह्याच जिन्यावर चालायला शिकली, तिच्या झोपेची एवढी काळजी कुणी केली नाही.

दर हिवाळ्यात एका रविवारी एक बाटली उघडायची, हा घरचा रिवाज. हजर कोण, तर ह्यांची थोरली बहीण म्हणजे माझी नणंद, आणि शेजारचे दातांचे डॉक्टर. नणंदबाईंचं खिळेमोळे, कुलपं, बिजागऱ्यांचं दुकान आहे. बोलणंही तसंच, ठोकून बसवलेलं. त्या दर वर्षी एक घोट घेऊन म्हणायच्या, "खोकल्याचं औषध आहे. फक्त खोकला जात नाही." डॉक्टर जिभेवर वाईन खेळवून डोळे मिटायचे आणि निदान सांगायचे, "संपली. मुळापासून गेली ही. काढून टाका." मला विचारलं की मी म्हणायची, "आंबट." दर वर्षी तेच. आंबट आहे तर आंबटच म्हणणार ना? मग हे म्हणायचे, "थंड जागेची वाईन आंबटपणावरच जगते. अजून थांबा."

अजून थांबा. ह्या दोन शब्दांवर माझा संसार झाला. घर रंगवायचं? अजून थांबा. लेकीला सायकल? अजून थांबा. बाटलीची सवय माणसाला लागते म्हणतात, इथे ती भलत्याच मार्गाने लागली होती.

आणखी एक नियम होता. चाखताना आधी मास्तर बोलणार, मग बाकीचे. कारखान्यातही तसंच. मास्तरांनी मिरी म्हटलं की सगळ्यांना मिरी लागायची. आमच्याकडे नणंदबाई आणि डॉक्टर तेवढे हट्टी, म्हणून हिवाळ्याच्या हिवाळ्याला भांडणं.

गेल्या वर्षी ह्यांना जबरदस्त सर्दी झाली. पडसं गेलं, खोकला गेला, आणि हे एकदम बदलले. त्या रविवारी बाटली उघडली, ग्लास भरले, आणि हे हात जोडून बसून म्हणाले, "आधी तुम्ही बोला. मी शेवटी." डॉक्टरांना गहिवरून आलं. "ह्याला म्हणतात मोठेपणा," म्हणाले. नणंदबाई म्हणाल्या, "म्हातारपणी का होईना, अक्कल आली." सगळ्यांचं ऐकून घेऊन हे म्हणाले, "आंबट, मागे औषधी कडूपणा, मुळाशी जरा संपत आलेली." म्हणजे ज्याने जे म्हटलं त्याची गोळाबेरीज. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं, आणि माझा नवरा एका सर्दीत सरळ झाला?

मग एक दिवस दूध करपलं. मी शेजारी गेले होते. परत आले तर जिन्यापर्यंत धूर, आणि हे ओट्याशेजारी खुर्चीत पेपर वाचत बसलेले. "अहो!" म्हटलं. तर पान उलटून म्हणाले, "आलीस का?" हा तोच माणूस, जो गल्लीच्या टोकाला कुणी संत्रं सोललं तर सांगायचा.

मी स्वेटरांच्या तळाची बाटली काढली. मनगटावर लावलं, मानेवर लावलं, ओढणीवर ओतलं म्हटलं तरी चालेल. माझंच डोकं गरगरलं. ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. हे म्हणाले, "काय गं, आज अशी गप्प का?"

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. ज्या माणसाने जन्मभर दुसरं काही केलं नाही, त्याचं नाकच जावं? कानाच्या डॉक्टरचे कान जावेत तसं ते. ह्यांना काही म्हटलं नाही. ज्याने लपवलंय त्याच्या लपवण्यावर आपण पांघरूण घालायचं, एवढं तर संसारात शिकतोच माणूस.

पण खोटं कशाला बोलू? हळूहळू मला मजा यायला लागली. अत्तर संपलं तर नवीन आणलं. मग गुलाबाचा साबण आणला. मग गुलाबाची पावडर. एकीकडे ह्यांची काळजी, दुसरीकडे अंगाला घमघमाट. नणंदबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "काय गं, नवरीसारखी दरवळतेस?" म्हटलं, "शेजारच्या बागेतला वास असेल, ताई."

तर असं सगळं चाललं होतं, आणि कारखान्यातून निरोप आला. थोरले मालक वारले होते, आता त्यांची लेक सगळं बघायची. पोरगी हुशार, कष्टाळू, पण हिशोबाला पक्की. थंड उताराची वाईन ताजी असताना कुणी घेत नाही, आणि म्हातारी होईपर्यंत थांबायला कुणाला वेळ नाही. म्हणून तिथल्या वेली उपटून तिथे दुसरं काहीतरी लवकर विकलं जाणारं लावायचं तिच्या मनात होतं. हे तिला म्हणाले, "आधी पहिल्या वर्षीची बाटली चाखा. मग काय ते करा." ती म्हणाली, "ठीक आहे मास्तर. येते तुमच्या घरी. चांगली म्हातारी झाली असेल तर उतार राहील. नसेल तर ह्याच हिवाळ्यात वेली निघतील."

हे घरी आले ते जेवलेच नाहीत. मग मला म्हणाले, "ताईला आणि डॉक्टरांनाही बोलव. चार मतं असलेली बरी." चार मतं कशाला हवी होती ते मला ठाऊक होतं ना.

रविवारी दुपारी मालकीणबाई आल्या. जेवणाच्या टेबलावर मी पांढरं कापड घातलं, ग्लास मांडले. ह्यांनी बाटली आणली, बूच काढलं. बूच जुनं, मध्येच मोडलं, हे त्याचे तुकडे वेचत बसले. म्हणून म्हटलं, "द्या इकडे, मी ओतते." आणि टेबलाभोवती फिरून एकेकाच्या ग्लासावर हात धरून बेताने ओतली.

"आधी तुम्ही बोला," हे म्हणाले.

डॉक्टरांनी नाक ग्लासात घातलं आणि तसेच राहिले. मग वर बघून म्हणाले, "गुलाब!"

"काहीतरीच," नणंदबाई म्हणाल्या. त्यांनी वास घेतला. "अगं बाई. गुलाबच की. गुलाबाचं औषध."

मालकीणबाईंनी डोळे मिटून हुंगलं, परत हुंगलं. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मिरी आहे, धूर आहे, आणि वरून चक्क गुलाब! एवढ्या जुन्या सिराहमध्ये असं फूल मी कधी पाहिलं नाही."

ह्यांचा चेहरा असा उजळला म्हणता! "गुलाब," म्हणाले. "हो तर. येणारच होता. म्हणत नव्हतो मी, थांबा?"

आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मनगट नाकाशी नेलं. सकाळी उठल्यावर लावायचं ते लावलं होतं, सवयीने, आज काय आहे ह्याचा विचारही न करता. वाईनवाल्याची बायको मी, जन्मभर वास नसलेल्या साबणाने अंग घासलेली, आणि नेमकी त्या दिवशी गुलाबाचा हात चार ग्लासांवरून फिरवून बसले!

आता बोलावं की गप्प बसावं? बोललं तर उतार जातो. गप्प बसलं तर उतार राहतो, हे खूश, मालकीणबाई खूश, कुणाचं काय बिघडतं? मी गप्प बसायचं ठरवलं आणि हात धुवायला आत पळाले. खसाखसा धुतले. पुसताना लक्षात आलं की साबणही गुलाबाचाच. आगीतून फुफाट्यात.

बाहेर तोवर जुंपली होती. मी आत गेल्यावर गुलाब ओसरला होता. मालकीणबाई खिडकीशी उभ्या राहून म्हणत होत्या, "गेला. आता अजिबात नाही." डॉक्टर माझ्याच खुर्चीशेजारी बसलेले, खुर्चीवर माझी ओढणी. ते म्हणाले, "आहे! ढळढळीत आहे!" नणंदबाई म्हणाल्या, "तुमच्या ग्लासात असेल, माझ्यातला गेला. द्या बघू तुमचा." ग्लासांची अदलाबदल झाली. कुणाचा कुठला ते कुणालाच कळेना. तेवढ्यात मी दारात आले.

"आला!" मालकीणबाई ओरडल्या. "परत आला! पहिल्यापेक्षा जास्त!"

"वाईन श्वास घेतेय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

मी दोन पावलं मागे गेले. वाईनने श्वास सोडला. काय सांगू, एवढ्या संकटातही मला हसू आवरेना.

मालकीणबाईंनी ग्लास खाली ठेवला. "हे काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "एकाला येतो, एकाला नाही, मध्येच जातो, मध्येच येतो. मास्तर, आता तुम्हीच सांगा. ह्या वाईनमध्ये गुलाब आहे की नाही? तुमच्या नाकावर माझ्या बाबांचा विश्वास होता, माझाही आहे. तुम्ही आहे म्हटलंत तर उतार राहिला."

ह्यांनी ग्लास उचलला. फिरवला. नाक आत घातलं. मी मनात म्हणत होते, म्हणा हो, आहे म्हणा, एक शब्द तर आहे. हे ग्लास खाली ठेवून म्हणाले, "मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला वास येत नाही. कशाचाच. गेल्या हिवाळ्यापासून. जिभेवर आंबट-कडू तेवढं कळतं, बाकी सगळं तुमच्याकडून ऐकून बोलतो." आणि मान खाली घातली. "ह्या वाईनबद्दल खोटं बोललो तर जिन्याखाली तोंड दाखवता येणार नाही मला."

माझ्याच्याने राहवेना. ह्यांनी एवढं सांगितलं आणि मी हात पाठीमागे लपवून उभी! पुढे झाले आणि मनगट टेबलाच्या मधोमध धरलं.

"गुलाब माझा आहे," म्हटलं.

तिघांनी आळीपाळीने माझं मनगट हुंगलं. नणंदबाईंनी कपाळावर हात मारला. "शेजारची बाग काय गं!" म्हणाल्या. डॉक्टर तेवढे अडून राहिले, "हा वेगळा. वाईनमधला जास्त खोल होता."

हे माझ्याकडे बघत होते. "तू अत्तर लावतेस? कधीपासून?"

"तुमच्या सर्दीपासून."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तुमच्या नाकाचं मला माहीत नसेल तर कुणाला? संसार त्याच्याशीच केलाय मी."

मालकीणबाईंनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. थंडगार वारा आत आला, नणंदबाई कुडकुडत शिव्या द्यायला लागल्या. मालकीणबाई मला म्हणाल्या, "काकू, हात नीट धुऊन या." म्हटलं, "धुतले की परत गुलाबच." शेवटी नणंदबाईंनी मला मोरीशी नेऊन धुण्याच्या सोड्याने कोपरापर्यंत खरडलं, कुलूप गंजलं की खरडतात तसं. ओढणी बाहेर दोरीवर गेली. मालकीणबाईंनी स्वतः नवे ग्लास भरले.

डॉक्टरांनी चाखली. "संपली," म्हणाले. "मुळापासून."

"औषध," नणंदबाई म्हणाल्या.

मालकीणबाई ग्लास उजेडात धरून फिरवत राहिल्या. हे माझ्याकडे वळले. आवाज अगदी बारीक. "तू सांग गं."

"आंबट," म्हटलं. सगळे हसले. हे हसले नाहीत.

"ते झालं. त्याच्या मागे काय आहे? नीट बघ ना."

मी कधी त्याच्या मागे गेलेच नव्हते. एवढ्या वर्षांत एका शब्दावर भागवलं, सवतीचं कौतुक कोण करतं? पण ह्यांचे डोळे असे लागले होते माझ्याकडे. मी नाक ग्लासात घातलं आणि डोळे मिटले. आणि मला काय आलं सांगू? ह्यांचा राखाडी स्वेटर.

"तुमचा स्वेटर आहे ह्यात," म्हटलं. "वेली लावल्या त्या वर्षीचा. संध्याकाळी टेकडीवरून यायचात आणि दारातच काढून माझ्या हातात द्यायचात. छाटलेल्या काड्या जाळल्याचा धूर. ओल्या दगडाचा वास. कात्रीच्या लोखंडाचा. आणि एक तिखट वास, मला वाटायचं घामाचा आहे."

"ती मिरी," हे म्हणाले. टेबलाची कड घट्ट धरली होती. "मिरीच आहे ती. सिराहची. अजून आहे?"

"आहे."

"गेलेली नाही ना गं? खरं सांग. माझ्यासाठी बोलू नकोस."

"तुमच्यासाठी मी कधी चांगलं बोललेय का?" म्हटलं. "आंबट आहे अजून. चांगली आंबट आहे, गाल ओढले जातायत. गेलेली नाही हो ती." आणि मला रडू फुटलं. ह्यांनाही. नणंदबाई खिडकी बंद करण्याच्या निमित्ताने पाठ करून उभ्या राहिल्या.

मालकीणबाईंनी अजून एक घोट घेतला. वाईनचे लोक चाखून थुंकतात, त्यासाठी मी पितळी भांडं ठेवलं होतं. ते कोरडं ठणठणीत होतं. "मला धूर जास्त वाटतो, मिरी कमी," त्या म्हणाल्या. "आणि फूल नाहीच. पण काकू म्हणतात तो आंबटपणा आहे, त्याच्या जोरावर अजून बरीच वर्षं जाईल ही. उतार राहू दे."

"अहो पण ती मेलीय!" डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, तासभर झाला आपण भांडतोय. मेलेल्यावरून कुणी एवढं भांडतं का?"

"आमच्या घराण्यात भांडतात," नणंदबाई म्हणाल्या, आणि बाटलीत उरलेलं औषध त्यांनी स्वतःच्याच ग्लासात ओतून घेतलं.

दारात बूट घालताना मालकीणबाई ह्यांना म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही उद्या नेहमीसारखे या. काय मिसळायचं, कधी काढायचं, ते तुमच्या डोक्यात आहे, नाकात नव्हे. वासापुरतं काकूंना सोबत आणा."

"हिला फक्त आंबट कळतं," हे म्हणाले.

"मग तिथून सुरू करू."

तर आता मी शिवणकाम आवरून तळघरात जाते. पिंपामागून पिंप हुंगते आणि ह्यांना सांगते, हे आपल्या जुन्या पेटीसारखं, हे नव्या बुटासारखं, ह्यात तुमच्या ताईंच्या दुकानाचा वास येतो. हे मान हलवतात आणि त्यातून बरोबर काय ते काढतात. कधी चुकले की इतरांसारखं मलाही उभं करून समजावतात. आणि अर्थात माझा साबण गेला. पावडर गेली. अत्तर परत स्वेटरांच्या तळाशी. उतार वाचला तो माझ्या गुलाबाच्या जिवावर, हे कुणीतरी लक्षात ठेवावं.

रविवारी मात्र तळघर बंद असतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलंय, वास परत येईलही, न येईलही, रोज एखादा ओळखीचा वास घेत जा. रविवारी संध्याकाळी हेच कपाटातून अत्तराची बाटली काढून माझ्यापुढे ठेवतात. मी मनगटाला लावते. हे खुर्ची ओढून बसतात, माझा हात ग्लास धरावा तसा दोन्ही हातांनी धरतात, जरा फिरवतात सुद्धा, आणि डोळे मिटून सावकाश हुंगतात. मी विचारते, "काही?"

हे परत एकदा हुंगतात, आणि हात न सोडता म्हणतात, "अजून थांबू."